लाईन, ऊन आणि चारशे पन्नास वॅट

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. रात्री साडेअकराला चुलतभावाचा व्हॉट्सॲप आला. तो अमरावतीला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, मी पुण्यात एका कंपनीत कोड लिहितो, म्हणून घरातल्या सगळ्या यंत्रांचा मी आपोआप डॉक्टर. त्याने गेमिंग कॉम्प्युटरची यादी पाठवली होती. "दादा, एकदा पाहून दे. पन्नास हजारांत बसवलं."

यादी वाईट नव्हती. सहा कोअरचा प्रोसेसर, बरा बोर्ड, सोळा जीबी रॅम, ग्राफिक कार्ड, एसएसडी, समोरून काच असलेला कॅबिनेट आणि त्यात रंग बदलणारे चार पंखे. सगळ्यात शेवटी, वाण्याच्या यादीत काडेपेटी लिहावी तसं: एसएमपीएस, ४५० वॅट, कॅबिनेटवाल्याकडूनच, ९०० रुपये.

त्या शेवटच्या ओळीने माझी झोप उडाली. का, ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

स्वस्त गेमिंग कॉम्प्युटरचा इतिहास बहुतेक जण चिपांच्या नावांनी सांगतात. त्याची सुरुवात १९९८ च्या सेलेरॉन ३००एपासून होते. इंटेलने ही चिप गरिबांसाठी काढली होती. बोर्डावरचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की ३०० ची चिप थेट ४५० वर पळायची आणि तिच्यापेक्षा कितीतरी महागड्या पेंटियमच्या मांडीला मांडी लावून बसायची. पुढे पेंटियम ४, मग कोअर टू, मग रायझन. हा इतिहास खरा आहे, पण तो लिहिला गेला तिथे भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज असतेच आणि खोलीत पंचवीस अंश असतातच. अकोला-अमरावतीत या दोन गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. आमच्याकडे त्यासुद्धा कॉम्प्युटरचे पार्टच आहेत, आणि त्यांचेही पैसे पडतात.

आधी माल आला कसा, ते पाहू. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने आयातीचं दार किलकिलं केलं. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत कॉम्प्युटर व सुट्या भागांवरची आयात जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. याच काळात आपल्या बोलण्यात दोन जाती तयार झाल्या, 'कंपनीचा' कॉम्प्युटर आणि 'असेंबल' कॉम्प्युटर. कंपनीचा बँकेत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये असायचा. असेंबल घरात. असेंबलचे पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून निघायचे, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावरून, आणि रात्रीच्या गाडीने किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून वऱ्हाडात उतरायचे. १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचलेला हा रेल्वेमार्ग वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरात न्यायला हवा होता. सव्वाशे वर्षांनी त्याच रुळांवरून उलट्या दिशेने मदरबोर्ड यायला लागले. माझं गाव मूर्तिजापूर, अकोला आणि बडनेऱ्याच्या मधलं जंक्शन. माझा पहिला कॉम्प्युटर मात्र गाडीने आला नाही, रिक्षाने आला.

२००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे क्लास तालुक्या-तालुक्यात उघडले. सरकारी नोकरीसाठी हे सर्टिफिकेट लागू झाल्यावर तर शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी सगळे माऊस धरायला बसले. या क्लासांनी वऱ्हाडाला दोन गोष्टी दिल्या, ज्यांची नोंद कुठे होत नाही. एक म्हणजे दुरुस्ती करणारी पोरं. दुसरी म्हणजे सेकंडहॅन्ड माल. २००८ साली आमच्या गावातला एक क्लास बंद पडला, तेव्हा बाबांनी त्यातला एक पेंटियम ४ साडेसहा हजारांत घेतला. मी अकरा वर्षांचा होतो. सगळा डबा म्हणजेच 'सीपीयू' असं मी इंजिनीअरिंगला जाईपर्यंत म्हणत होतो. माझे वडील अजूनही म्हणतात आणि मी आता दुरुस्त करत नाही.

त्या मशीनमध्ये ग्राफिक कार्ड नव्हतं. व्हाइस सिटी चालायची, क्रिकेट ०७ रडतखडत चालायचं, नवं काही चालायचं नाही. मग मोठी पोरं पेनड्राइव्हवर 'थ्रीडी ॲनालाइज' आणून द्यायची. हे सॉफ्टवेअर गेमला खोटं सांगायचं, की बाबा रे, आत चांगलं कार्ड आहे. गेम विश्वास ठेवायचा आणि सेकंदाला चार-पाच चित्रं दाखवत उघडायचा. गाडी वळवायला बटण दाबलं, की ती पुढच्या चौकात वळायची. तरी आम्ही खेळलो.

खोटं फक्त आम्हीच बोलत होतो असंही नाही. स्वस्त मालाच्या नावांची जुनी गंमत आहे. २००२ मध्ये 'जीफोर्स ४ एमएक्स' आलं. नाव चौथ्या पिढीचं, आतला सांगाडा मुळात जीफोर्स २ चा. पिक्सल शेडर नावाची जी सोय तिसऱ्या पिढीत आली होती, ती या चौथ्यात नव्हती. २००३ च्या शेवटी 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' आला आणि या कार्डवर चालेनाच. पुढे जीटी ७३० एकाच नावाने तीन वेगवेगळ्या अवतारांत विकलं गेलं. जीटी १०३० चं तर सरळ उदाहरण आहे. २०१७ च्या कार्डची मेमरी सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवायची. २०१८ मध्ये त्याच नावाने दुसरं कार्ड आलं, मेमरी साधी डीडीआर४, वेग १६.८ जीबी. खोक्यावरचं नाव तेच. पुण्या-मुंबईचा पोरगा हे फरक फोरमवर वाचून जायचा. आमच्याकडे दुकानात एकच खोकं असायचं आणि त्यात जे असेल ते घ्यायचं.

वऱ्हाडी माणसाला ही फसवणूक नवीन नाही. दर जूनमध्ये बोगस बियाण्याची बातमी असते. पाकीट चकचकीत, उगवण शून्य. पण बियाण्याचं पाकीट फाडून, चार दाणे ओल्या फडक्यात बांधून उगवण पाहता येते. ग्राफिक कार्ड ओल्या फडक्यात बांधता येत नाही.

आता विजेकडे येतो.

जून २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं. पुढची काही वर्षं भारनियमनाची. गळती आणि वसुली पाहून फिडरचे गट पाडले जायचे आणि त्या गटावर तुमच्या घरातला अंधार ठरायचा. मूर्तिजापूरला आमच्याकडे सकाळी तीन-चार तास जायची, संध्याकाळी पुन्हा. आम्ही 'वीज गेली' म्हणत नाही, 'लाईन गेली' म्हणतो. लहानपणी मला वाटायचं, लाईन म्हणजे खरंच काहीतरी दोरीसारखं असतं आणि ते कोणीतरी ओढून नेतं. गंमत अशी, की आमच्याच जिल्ह्यात पारसला याच काळात, २००८ ते २०१० दरम्यान, अडीचशे मेगावॅटचे दोन नवे संच सुरू झाले. चिमणीचा धूर आमच्या जिल्ह्यात, मेणबत्तीही आमच्याच जिल्ह्यात.

पण कॉम्प्युटरला मारते ती गेलेली लाईन नव्हे, परत येणारी. लाईन येते तेव्हा सगळ्या गावाचे पंखे, फ्रिज, मोटारी एकदम सुरू व्हायला बघतात आणि व्होल्टेज झोके खातं. शिवाय रात्री शेतीपंपांना थ्री फेज मिळाली, की गावातले दिवे पिवळे पडायचे. आमच्या स्टॅबिलायझरचा काटा तेव्हा १७० वर येऊन थरथरायचा. म्हणून घरोघरी एक शिस्त होती, आजही आहे: लाईन गेली की बटण बंद, आली की पाच मिनिटं थांबायचं. बारा वर्षांच्या पोराला पाच मिनिटं थांबायला सांगणं हा अत्याचार आहे. तरी मी थांबायचो, कारण शेजारच्या दादाने त्याच्या एसएमपीएसच्या मागचा तो लाल खटका, ११५ आणि २३० वाला, 'हे काय आहे' म्हणून ११५ वर सरकवला होता. लवंगी फुटावी तसा आवाज झाला. नंतर आठ दिवस त्यांच्या बैठकीत करपल्याचा वास होता.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तो ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून देतो. पूर्वी प्रोसेसर ५ व्होल्टवर जगायचा. २००० साली, पेंटियम ४ च्या वेळी, नियम बदलला आणि प्रोसेसरला १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची वायर आली. ग्राफिक कार्डही १२ वरच खातं. म्हणजे गेमिंगच्या मशीनमध्ये जवळपास सगळा भार १२ व्होल्टवर. स्वस्त डब्यांनी मात्र लेबलवर जुना हिशोब चालू ठेवला. ५ व्होल्टची ताकद, ३.३ ची ताकद, सगळ्याची बेरीज करून वर मोठ्या अक्षरात '४५०'. खरं पाहायचं असेल तर त्याच लेबलवर बारीक अक्षरात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहायचं आणि १२ ने गुणायचं. १४ अँपिअर असतील तर झाले १६८ वॅट. बाकीचे वॅट देवाच्या नावाने.

हे मला २०१५ मध्ये माहीत नव्हतं. डिसेंबरात पहिलं सेमिस्टर संपवून मी घरी आलो, पहिल्या वेच्याचा कापूस विकला गेला होता आणि बाबा मला घेऊन अकोल्याला गेले. बत्तीस हजारांचं बजेट. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ४,१०० रुपये होता. म्हणजे जवळपास आठ क्विंटल, आमच्या कोरडवाहू दोन एकरांत चांगल्या वर्षी निघतो तेवढा. मी यादी पाठ करून गेलो होतो. दुकानदाराने कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस काउंटरवर ठेवला. बाबांनी तो उचलला, तळहातावर तोलला, दुसऱ्या हातात घेऊन पुन्हा तोलला.

"हे त लय हलकं हाय राजा."

"काकाजी, चारशे पन्नास वॅट लिहून हाय ना त्याच्यावर."

"लिहून त बियाण्याच्या पाकिटावरही रायते."

मला लाज वाटली. कॉम्प्युटरच्या दुकानात माझे वडील भाजी घ्यावी तसा माल तोलत होते. दुकानदाराने अडीच हजारांचा चांगला डबाही दाखवला, तो खरोखर जड होता. मी म्हटलं, बाबा, ते पैसे ग्राफिक कार्डात टाकू. आणि साडेनऊ हजारांचं कार्ड घेतलं, ११५ वॅट खाणारं, सहा पिनांची वेगळी वायर मागणारं. डब्याला ती वायर नव्हती. दुकानदाराने हार्ड डिस्कच्या दोन वायरी जोडून सहा पिनांची एक करणारा जुगाड फुकट दिला. मी खूश.

बाबांचं बरोबर होतं, आणि त्याला शास्त्र आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, तांब्याची गुंडाळी असते, उष्णता ओढून घेणारे ॲल्युमिनियमचे जाड पट्टे असतात, येणाऱ्या विजेतला कचरा गाळणारे फिल्टर असतात. हे सगळं काढून टाकलं की डबा स्वस्त होतो आणि हलका होतो. दुरुस्तीवाले आजही पहिल्यांदा वजनच पाहतात. अर्थात पट्ट्यांऐवजी लोखंडाचा तुकडा टाकून डबा जड करणारेही महाभाग आहेत, पण ते पुढचं.

उन्हाळा राहिला. अकोल्याचा मे महिना देशाच्या हवामानाच्या बातम्यांत येतो, पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. कुठलाही एअर कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या वर किती अंश, एवढंच ठरवतो. पंचवीसच्या खोलीत चिप साठ अंशांवर राहत असेल, तर बेचाळीसच्या खोलीत ती सत्त्याहत्तरवर जाणार. यूट्यूबवरचा आकडा आणि आमच्या माळवदाच्या घरातला आकडा यात हा फरक आहे. २००४ साली इंटेलने प्रेस्कॉट नावाचा पेंटियम ४ काढला, तो शंभर वॅटच्या आसपास उष्णता फेकायचा. माझ्या पहिल्या मशीनमध्ये तोच होता. मे महिन्यात आई म्हणायची, याच्यावर पापड वाळतील.

मग आम्ही काय करायचो? कॅबिनेटची बाजूची प्लेट काढायची आणि वाळ्याचा कूलर त्याच्याकडे वळवायचा. गारवा मिळायचा, पण कूलरची हवा दमट. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट. बोअरचं पाणी कूलरमध्ये टाकलं, की महिनाभरात वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर. जिनिंगच्या जवळ घर असेल तर त्यात हवेतली रुई येऊन पंख्याच्या पात्यांवर बसते. पावसाळ्याच्या तोंडाशी मशीन सुरूच व्हायची नाही. रॅम काढायची, तिच्या पिवळ्या दातांवरून शाळेतलं खोडरबर फिरवायचं, परत बसवायची. दहातून सहा वेळा चालू व्हायची. या उपायाचा शोध कोणी लावला माहीत नाही, पण खोडरबर कंपन्यांनी त्याचे आभार मानायला हवेत.

त्यातच शतकाच्या सुरुवातीला जगभर कपॅसिटरची साथ आली होती. चुकीच्या रसायनाने भरलेले कपॅसिटर १९९९ पासून पुढची सात-आठ वर्षं बोर्डांवर बसत गेले आणि वर्षा-दोन वर्षांत फुगून फुटायला लागले. ही साथ तैवानपासून अमेरिकेपर्यंत सगळीकडे होती. पण कपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. मग वऱ्हाडात काय झालं असेल ते समजून घ्या. माझ्या पेंटियमच्या बोर्डावरचे चार कपॅसिटर २०१२ मध्ये टरारून फुगले. दुरुस्तीवाल्या काकांनी जुन्या टीव्हीतले काढून लावले, दीडशे रुपये घेतले, आणि ते मशीन आणखी दोन वर्षं चाललं.

नव्या मशीनला तेवढंही नशीब मिळालं नाही. मे २०१६, दुपारचे तीन. लाईन गेली होती. आली. मी पाच मिनिटं थांबलोसुद्धा. गेम सुरू केला, साधारण वीस मिनिटं झाली असतील, आणि मागून फट् असा एक आवाज. खूप मोठा नाही. स्क्रीन काळी, मग तो वास. एसएमपीएस मरताना स्वतः मरतो तेव्हा ठीक असतं. या डब्यात व्होल्टेज अडवणारी सोय नव्हती, त्याने जाताना बोर्ड आणि कार्ड दोन्ही सोबत नेलं. दुकानात सांगितलं, जळालेल्या मालाला वॉरंटी नसते. साडेनऊ हजारांचं कार्ड पाच महिने चाललं. सव्वादोन क्विंटलपेक्षा जास्त कापूस. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी तो डबा उचलून पुन्हा एकदा तोलला फक्त, आणि खाली ठेवला. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढचं मशीन मी उलट्या बाजूने जमवलं. आधी एसएमपीएस. मग घरातली अर्थिंग, कारण कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या आणि मला वाटायचं ते नॉर्मल आहे. वायरमनने परसात खड्डा उघडून दाखवला. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडून पट्टी मातीपासून सुटली होती. जी माती कापूस देते तीच अर्थिंग सोडते. आता बाबा उन्हाळ्यात तुळशीबरोबर त्या खड्ड्यातही तांब्याभर पाणी घालतात. आणि कार्ड घेतलं सेकंडहॅन्ड जीटीएक्स ७५० टीआय. २०१४ चं हे कार्ड फक्त ६० वॅट खायचं, वेगळी वायर मागायचं नाही, बोर्डाच्या खाचेतूनच वीज घ्यायचं. बेंचमार्कच्या तक्त्यांत ते कधीच पहिलं आलं नाही. पण ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसवर लाईन गेल्यावरही गेम सेव्ह करून नीट बंद करायला वेळ द्यायचं. माझ्या माहितीत वऱ्हाडातल्या किती पोरांनी हे कार्ड वर्षानुवर्षं वापरलं, याची मोजदाद नाही. तीच गोष्ट फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या रायझन ३ २२००जीची. ग्राफिक आतच, वीज कमी, उष्णता कमी. त्यानंतर खाणकामाची लाट आली, कार्डांचे भाव आभाळाला भिडले, सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ग्राफिक कार्डांची गरजच संपवली आणि दमलेली कार्डं बाजारात ओतली गेली. तो वेगळा लेख आहे.

तर, चुलतभावाची यादी. रात्रीचे बारा वाजून गेले होते, मी फोनच केला. म्हटलं, समोरची काच काढ, जाळीचा कॅबिनेट घे. रंगीत पंखे चारचे दोन कर. कार्ड एक पायरी खाली आण. एसएमपीएस साडेतीन-चार हजारांचा घे आणि लेबलवर १२ व्होल्टसमोरचा आकडा वाचून मला फोटो पाठव.

"पण दादा, काचेतून लाईट दिसतात ना."

"मे महिन्यात दिसतील तुले लाईट."

तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, रॅम आठवड्यात दोनदा महागली, कुठून काढू पैसे? ते खरं होतं. डेटा सेंटरवाले रॅम उचलत असल्याने तेव्हा भाव चढतच होते. मी म्हटलं, आत्ता आठ जीबीची एकच काडी घे, दुसरी खाच रिकामी ठेव, परीक्षेनंतर बघू. त्याला ते आवडलं नाही. मलाही नसतं आवडलं.

पाऊण वाजता नवी यादी आली. एसएमपीएस दुसऱ्या ओळीवर होता. काच अजून तशीच होती. सगळ्यात खाली त्याने लिहिलं होतं: अर्थिंग, रूमच्या मालकाला विचारतो.